मणक्यातला डाग साधा की कॅन्सरचा: एमआरआयवर नेमके काय बघतात?

प्रश्न असा आहे: आई ६६ वर्षांची, मोरीत घसरून बसकण मारून पडली. तीन आठवडे झाले, पाठदुखी हटत नाही. नागपुरात एमआरआय केला. रिपोर्ट म्हणतो, डी१२ (छातीच्या भागातला बारावा, म्हणजे शेवटचा) मणका दबला आहे, मॅरोमध्ये बदल आहे, आणि शेवटी ‘साधे फ्रॅक्चर की मॅलिग्नंट, क्लिनिकल माहितीशी ताडून पाहा’ (मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरचे). एवढे मोठे मशीन असून नक्की का सांगता येत नाही?

बहुतेक वेळा सांगता येते. जेव्हा येत नाही, तेव्हा तीनपैकी एक कारण असते: हवा तो सिक्वेन्स (एमआरआयच्या प्रतिमा घेण्याची ठरावीक पद्धत) घेतलेलाच नाही, तपासणी फ्रॅक्चरच्या अगदी ताज्या दिवसांत झाली आहे, किंवा प्रश्न ‘साधे की कॅन्सर’ असा दोनच खणांत मांडला आहे. आपल्या भागात तिसरा खण, म्हणजे टीबी, कायम उघडा ठेवावा लागतो. आणि विदर्भात चौथाही आहे, त्याबद्दल पुढे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. रिपोर्टमधला ‘मॅरो’ म्हणजे अस्थिमज्जा, मणक्याच्या हाडाच्या आतला मऊ भाग. मराठीत मज्जारज्जू आणि मज्जातंतूही मज्जेच्याच नावाने ओळखले जातात, त्यामुळे ‘मज्जेत बदल’ ऐकून घरचे लोक मेंदूकडून येणारी मुख्य नस बिघडली असे समजतात. इथे बदल हाडात आहे. नसेचा विषय वेगळा, तो रिपोर्टमध्ये ‘कॉर्ड’ या शब्दापाशी शोधा.

या अस्थिमज्जेत चरबी असते, आणि सगळा निवाडा तिच्यावर उभा आहे. पिवळ्या मज्जेत साधारण ८० टक्के चरबी, लाल मज्जेत साधारण ४० टक्के. टी१ सिक्वेन्सवर चरबी पांढरी दिसते, म्हणून प्रौढ माणसाचा निरोगी मणका टी१वर शेजारच्या गादीपेक्षा (दोन मणक्यांमधली डिस्क) आणि पाठीच्या स्नायूपेक्षा उजळ असतो. कॅन्सरच्या पेशी मणक्यात शिरल्या की चरबीला हुसकावून जागा बळकावतात. साधी सूज, वाढलेली लाल मज्जा किंवा झीज असेल, तर बदल चरबीच्या आजूबाजूने होतो, चरबी थोडीफार शिल्लक राहते. रेडिऑलॉजिस्ट फिल्म समोर धरून जे शोधतो ते एवढेच: त्या डागात चरबी उरली आहे का?

पहिली कसोटी सरळ आहे. टी१वर डाग गादी किंवा स्नायूइतका काळा, किंवा त्याहून काळा असेल तर संशय घ्यायचा. त्यांच्यापेक्षा उजळ असेल तर बहुधा साधा. पण गादी झिजून वाळलेली किंवा चुना धरलेली असेल तर ती तुलनेला निकामी ठरते, अशा वेळी स्नायूशी ताडायचे. ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे माप) मशीनवर हा फरक थोडा पुसट होतो, निरोगी लाल मज्जाही कधी कधी स्नायूच्या जवळपास दिसते. लहान मुलांत मज्जा मुळातच लाल, तिथे हा नियम लावूच नये.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. ‘एल-एस स्पाइन विथ होल स्पाइन स्क्रीनिंग’ (कंबरेचा एमआरआय आणि सोबत पूर्ण पाठीवर धावती नजर) या नावाखाली पूर्ण पाठीचा फक्त टी२ उभा छेद घेतला जातो. तो गादी सरकली आहे का, नस दबली आहे का, हे बघायला ठीक. पण आजच्या फास्ट टी२मध्ये चरबीही पांढरी आणि बऱ्याच गाठीही करड्या-पांढऱ्या, त्यामुळे गाठ मज्जेत मिसळून जाते. मणक्यात डागाचा संशय असताना पूर्ण पाठीचा टी१ आणि स्टर (चरबी दाबून पाणी आणि सूज पांढरी दाखवणारा सिक्वेन्स), दोन्ही उभ्या छेदात घ्यायला हवेत. मशीनवर मोजून काही मिनिटांचे काम आहे.

तुमच्याकडच्या फिल्मवर हे झाले आहे का, ते घरीच कळते. मज्जारज्जूच्या भोवतीचे पाणी काळे दिसले तर तो टी१. पाणी पांढरे आणि त्वचेखालची चरबीही पांढरी असेल तर टी२. पाणी पांढरे पण चरबी काळी असेल तर स्टर, किंवा चरबी दाबलेला टी२. टी१ची फिल्म सापडली नाही तर सीडी उघडून बघा. कधी कधी सिक्वेन्स घेतलेला असतो, फिल्मवर छापलेला नसतो.

टी१वर डाग काळा निघाला की दुसरी पायरी: इन-फेज आणि ऑपोज्ड-फेज. चरबी आणि पाणी यांचे सिग्नल एका ठरावीक क्षणी एकमेकांना मिळतात आणि दुसऱ्या क्षणी एकमेकांना खातात. १.५ टेस्लावर ऑपोज्ड साधारण २.३ मिलिसेकंदाला आणि इन-फेज साधारण ४.६ मिलिसेकंदाला, ३ टेस्लावर दोन्ही वेळा निम्म्या. एकाच ठिकाणी चरबी आणि पाणी दोन्ही असतील तर ऑपोज्डवर सिग्नल पडतो. गाठीत चरबीच नसेल तर पडत नाही. नव्या मशीनवर डिक्सन सिक्वेन्समधून या दोन्ही प्रतिमा आपोआप मिळतात.

मोजायचे असे: दोन्ही प्रतिमांवर डागाच्या मधोमध, त्याच जागी, त्याच आकाराचे वर्तुळ काढायचे. हाडाची कड, गादी आणि मधली शीर आत येऊ द्यायची नाही. समजा इन-फेजला आकडा ४२० आणि ऑपोज्डला २६० आला. २६० भागिले ४२० म्हणजे ०.६२, म्हणजे सिग्नल ३८ टक्के पडला. चरबी आत आहे, डाग बहुधा साधा. तेच ३८० आणि ३५५ आले तर गुणोत्तर ०.९३, घट जेमतेम ७ टक्के. चरबी गेली आहे. १.५ टेस्लावर २० टक्क्यांची घट ही सीमा धरतात. ३ टेस्लावर बरेच जण २५ धरतात.

ही कसोटी चांगली आहे, पण आंधळेपणाने वापरली तर फसवते. मूत्रपिंड आणि यकृताच्या काही कॅन्सरमध्ये पेशींच्या आतच चरबी असते, तिथे गाठ असूनही सिग्नल पडतो. उलट दगडासारखे घट्ट झालेले हाड, फ्रॅक्चरमधले रक्त, कमी चरबीचा हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) आणि टीबी यांत सिग्नल पडत नाही आणि कॅन्सर नसतो. ‘ऑपोज्डवर ड्रॉप नाही’ याचा अर्थ ‘चरबी हुसकावली गेली’ एवढाच. कोणी हुसकावली, ते त्यातून कळत नाही.

आता आईंच्या मणक्याकडे. डी१२ आणि एल१ (कंबरेचा पहिला मणका) ही जागा ठिसूळ हाडाच्या फ्रॅक्चरची नेहमीची, कारण बरगड्यांनी आवळलेली ताठ पाठ आणि लवचिक कंबर यांचा सांधा तिथे आहे. डी५च्या वरचा एकटाच मणका, विशेष मार नसताना दबला असता, तर जास्त जपून बघावे लागले असते.

साध्या फ्रॅक्चरमध्ये टी१वर काळा पट्टा बहुधा वरच्या किंवा खालच्या कडेला समांतर असतो आणि उरलेल्या मणक्यात पांढरी चरबी शाबूत दिसते. मणक्याची मागची भिंत फुगत नाही. तिचा वरचा कोपरा टोकदार होऊन मागे सरकतो. स्टरवर दबलेल्या कडेखाली पाण्याइतकी पांढरी फट दिसली तर ती साध्या फ्रॅक्चरच्या बाजूची मोठी साक्ष. बाकी एक-दोन मणके जुने दबलेले, पण आतली मज्जा नेहमीसारखी पांढरी, हेही हाड मुळात ठिसूळ असल्याचे सांगते.

कॅन्सरने दबलेल्या मणक्यात टी१वर अख्खा मणका काळा होतो, मागची भिंत पोटासारखी बाहेर फुगते, पेडिकल (मणक्याला मागच्या कमानीशी जोडणारा हाडाचा खांब) जाड होतो आणि कालव्यात (मज्जारज्जू जातो त्या पोकळीत) मऊ गाठ उतरते. मागचा लिगामेंट मधोमध हाडाला बांधलेला असल्याने ही गाठ दोन बाजूंना लोंबते, मधून बांधलेल्या पडद्यासारखी. बाजूला ओबडधोबड गाठ, आणि न दबलेल्या इतर मणक्यांतही गोल काळे डाग, हे दिसले की फारशी शंका उरत नाही.

अडचण मधल्या काळाची आहे. पहिल्या काही आठवड्यांत साध्या फ्रॅक्चरची सूजही अख्खा मणका भरून टाकते, पेडिकलपर्यंत जाते, आजूबाजूला रक्ताचा पातळ थर दिसतो. पेडिकलमध्ये सूज आहे म्हणून कॅन्सर, हे अनुमान इथे चुकते. पेडिकलचा आकार फुगला आहे का, हे बघायचे असते. तीन आठवड्यांच्या फिल्मवर रेडिऑलॉजिस्टने दोन्ही शक्यता लिहिल्या असतील तर त्यात हात झटकणे नाही. फक्त त्याने कोणती शक्यता जास्त आणि का, हे एका ओळीत लिहायला हवे होते.

डिफ्युजनचा (पाण्याचे रेणू किती हलतात ते मोजणाऱ्या सिक्वेन्सचा) उपयोग इथेच होतो. पेशींची गर्दी असेल तिथे पाण्याच्या रेणूंना हलायला जागा कमी, म्हणून एडीसी (या हालचालीचा आकडा) कमी येतो. गाठींमध्ये तो ढोबळमानाने ७०० ते १००० आणि ताज्या साध्या फ्रॅक्चरमध्ये १२०० ते २००० च्या घरात असतो (चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद). पण निरोगी चरबीदार मज्जेचा एडीसी २०० ते ५०० इतका खाली असतो, कारण चरबीत पाणीच थोडे. म्हणून ‘एडीसी कमी म्हणजे कॅन्सर’ हे वाक्य मेंदूच्या एमआरआयमधून उचलून मणक्याला लावले की निरोगी मणकाही आजारी ठरतो. आकडा टी१ आणि स्टरच्या शेजारी ठेवूनच वाचायचा. पूने गच्च भरलेल्या फोडाचा एडीसीही कमीच येतो.

कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे, प्रतिमा उजळ करणारे औषध) दिले की कळेल, हा समज नागपुरातच काय, सगळीकडे आहे. ताजे साधे फ्रॅक्चर कॉन्ट्रास्ट घेते, टीबी घेतो, कॅन्सरही घेतो. त्याचा खरा उपयोग गाठ कालव्यात किती उतरली आणि फोडाची भिंत कशी आहे, हे बघायला. नेहमीची मात्रा ०.१ मिलिमोल प्रति किलो, म्हणजे ०.५ मोलरच्या औषधाची ६० किलोच्या माणसाला १२ मिली. क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ३०च्या खाली असेल तर देण्याआधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक. आणि एक तांत्रिक चूक: कॉन्ट्रास्टनंतरचा टी१ चरबी न दाबता घेतला तर काळी गाठ उजळून पांढऱ्या मज्जेत लपते. मग रिपोर्ट आधीपेक्षा जास्त निर्धास्त येतो, आणि चुकतो.

आता तिसरा खण. टीबीची नेहमीची खूण सोपी आहे: शेजारचे दोन मणके आणि मधली गादी असा जोड धरतो, लिगामेंटखालून तीन-चार मणक्यांपर्यंत पसरतो, कंबरेच्या मणक्यांलगतच्या सोआस स्नायूत पातळ, गुळगुळीत भिंतीचा फोड करतो. कॅन्सर गादीला सहसा हात लावत नाही. गादी वाचली म्हणजे कॅन्सर, असे पुस्तकी सूत्र त्यातूनच आले. पण टीबीतही गादी बराच काळ तग धरते. एकाच मणक्याच्या मध्यभागी बसलेला किंवा फक्त मागच्या कमानीत आणि पेडिकलमध्ये बसलेला टीबी तर हुबेहूब मेटास्टेसिससारखा (दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरसारखा) दिसतो. ताप नाही, वजन घटले नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, याने टीबी कटत नाही. ईएसआर (शरीरातली सूज सुचवणारी रक्ततपासणी) टीबी आणि कॅन्सर दोन्हींत वाढतो.

म्हणून ‘एकेटी (टीबीची औषधे) सुरू करून दोन महिने बघू’ हा मार्ग, नमुना घेणे शक्य असताना, चुकीचा. कॅन्सर असेल तर दोन महिने गेले. टीबी असेल आणि जंतू औषधाला दाद न देणारा असेल, तर तेही उशिरा कळते.

चौथा खण विदर्भाचा. सिकलसेलच्या (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) रुग्णाची मज्जा रक्त तयार करण्यासाठी पुन्हा लाल होते, त्यामुळे टी१वर सगळेच मणके काळपट दिसतात. ज्याला पार्श्वभूमी माहीत नाही तो ‘डिफ्यूज इन्फिल्ट्रेशन, ल्युकेमिया तपासा’ (म्हणजे सगळ्या मज्जेत काहीतरी शिरले आहे, रक्ताचा कॅन्सर तपासा) असे लिहून मोकळा होतो. मणक्याच्या वर-खालच्या कडेला मधोमध पडलेला चौकोनी खड्डा आणि छेदात दिसणारी आक्रसलेली प्लीहा या दोन खुणांवरून सिकल ओळखू येतो. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या मज्जेत लोह साठते आणि मग ऑपोज्ड-फेजची कसोटी उलटी पडते: १.५ टेस्लावर इन-फेज उशिरा घेतला जातो, लोहामुळे तोच जास्त काळा होतो, गुणोत्तर १च्या वर जाते आणि साधी मज्जा कॅन्सरसारखी मोजली जाते. घरात कोणी एसएस किंवा एएस पॅटर्न (सिकलसेलचा रुग्ण किंवा वाहक) असेल तर तपासणीआधी तंत्रज्ञाला सांगा, फॉर्मवर लिहून द्या. साधा रक्तक्षय असलेल्या बायकांतही मज्जा थोडी लाल होते, पण तिथे ऑपोज्डवर सिग्नल पडतो आणि प्रश्न सुटतो.

यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पाणी प्यालेल्या माणसाचे मणके घट्ट होतात, सगळ्या सिक्वेन्सवर काळे दिसतात, लिगामेंट चुना धरून जाड होतात. पुरुष साठीचा असेल तर चित्र थेट प्रोस्टेटच्या कॅन्सरसारखे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि हाताच्या पुढच्या भागाचा एक्स-रे, ज्यात दोन हाडांमधला पडदा चुना धरलेला दिसतो, एवढ्यावर बहुधा उलगडा होतो.

काही डागांवर वेळ घालवायचा नसतो. टी१ आणि टी२ दोन्हीवर पांढरा, आत उभ्या जाड रेषा, आडव्या छेदात ठिपके: हिमँजिओमा. दर दहा माणसांत साधारण एकाला असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाही. रिपोर्टमध्ये हा शब्द वाचून रडारड करू नये. सगळ्या सिक्वेन्सवर काळा, काटेरी कडेचा छोटा डाग म्हणजे बहुधा बोन आयलंड (घट्ट हाडाचा निरुपद्रवी ठिपका). सीटीवर सरासरी घनता ८८५ हाउन्सफील्डच्या (सीटीचे घनतेचे माप) आणि कमाल १०६०च्या वर असेल तर शिक्कामोर्तब, अर्थात कॅन्सरवर आधी उपचार झालेले नसतील तर. झिजलेल्या गादीला लागून दोन्ही बाजूंना सूज असेल तर ती मोडिक प्रकारची झीज. तरुण मुलगा, रात्री वाढणारे दुखणे, पाठ एका बाजूला वाकलेली, आणि एमआरआयवर मागच्या कमानीत भरमसाट सूज असेल तर आधी पातळ छेदांचा सीटी करा. ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचा (हाडाची छोटी साधी गाठ) दीड सेंटिमीटरहून छोटा गाभा एमआरआयवर सुजेत हरवतो आणि सूज बघून सगळे घाबरतात.

मायलोमा (मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) मात्र उलट्या बाजूने फसवतो. तो ठिसूळ हाडाच्या साध्या फ्रॅक्चरचे सोंग घेतो, कधी एमआरआय जवळजवळ निरोगीही दिसतो. म्हणून पन्नाशीनंतर मणका दबला की फिल्म कितीही साधी दिसो, हिमोग्लोबिन, ईएसआर, कॅल्शियम, क्रिएटिनिन, सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन (मायलोमाची प्रथिने शोधणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्यावेत. बायकांत स्तन आणि थायरॉइड हाताने तपासून घेणे आणि छातीचा एक्स-रे, याला तर खर्चही फारसा नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणाऱ्यांच्या घरचे तोंडाच्या कॅन्सरचीच भीती घेऊन बसतात, पण मणक्यात जास्त करून उतरतात ते स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड आणि थायरॉइडचे.

आईंसाठी क्रम असा धरा. ज्या सेंटरला एमआरआय झाला तिथे सीडी घेऊन जा आणि विचारा: पूर्ण पाठीचा टी१ आणि स्टर आहे का, डी१२चा इन-फेज-ऑपोज्ड आणि डिफ्युजन घेतले का. नसेल तर तेवढेच सिक्वेन्स पुन्हा घ्यायला सांगा, अख्खी तपासणी नव्याने नको. डी१२चा सीटी हाडाची मागची भिंत तुटली आहे की कुरतडली आहे, हे दाखवतो. वरच्या रक्ततपासण्या सोबतच.

सगळे साध्याच्या बाजूने आले तर सहा ते आठ आठवड्यांनी टी१ आणि स्टर पुन्हा घ्यायचे. साध्या फ्रॅक्चरमध्ये चरबी परतू लागलेली दिसते, टी१वर पांढरेपणा कडेकडून भरत येतो. पूर्ण भरायला तीन महिने किंवा अधिकही लागतात. काळा भाग तसाच राहिला किंवा वाढला, किंवा आधीच कुठे कॅन्सर झालेला असेल, तर थांबायचे नाही, बायोप्सी करायची.

बायोप्सी सीटीखाली पेडिकलमधून, ११ किंवा १३ गेजच्या सुईने होते. प्लेटलेट ५०,०००च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) १.५च्या खाली हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. हाडाबाहेर मऊ गाठ असेल तर नमुना तिथून घेणे सोपे आणि हाती जास्त लागते. सडलेल्या मध्यभागातून घेतलेला नमुना अनेकदा ‘नेक्रोटिक, अनिर्णित’ म्हणून परत येतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बाटल्या दोन: एक फॉर्मॅलिनची पॅथॉलॉजीसाठी, दुसरी साध्या निर्जंतुक सलाइनची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी). सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये पडला की जंतू मरतात, कल्चर संपले, आणि टीबीचा खण पुन्हा सुई टोचल्याशिवाय बंद होत नाही. आत जाण्याआधी नातेवाइकाने हे विचारावे, संकोच करू नये. सीबीनॅट सरकारी यंत्रणेत मोफत होते. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या टीबी विभागात चौकशी करा.

यातले काहीही चालू असताना पाय जड पडले, चालताना अडखळू लागले, लघवी अडली किंवा बसायच्या जागेची संवेदना गेली, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनकडे किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. तिथे निवाडा साधा की कॅन्सरचा याचा नसतो, मज्जारज्जूवरचा दाब किती तासांत काढता येतो याचा असतो.

आणि साधे फ्रॅक्चर ठरले, तरी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. त्यात कंबरेचे एल१ ते एल४ मोजतात. त्यातला एखादा आधीच दबलेला असेल तर तो मोजणीतून वगळायला सांगा, कारण दबलेले हाड थोड्या जागेत गोळा झाल्याने यंत्राला जास्त घन वाटते आणि ठिसूळपणा कागदावर कमी दिसतो.